हाउस ऑफ लॉर्ड्समधून सदस्य बाहेर कसे पडतात? निवृत्तीच्या सुधारणेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात कोण येते, यावर पुष्कळ लिहिले जाते. तिथून कोण, केव्हा आणि कसे बाहेर पडते, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. लोकांनी न निवडलेल्या सभागृहाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण तिथे सदस्याला घरी पाठवण्याचे जे एक साधन लोकशाहीत मतदाराच्या हाती असते, तेच उपलब्ध नाही. खालील प्रश्नोत्तरे या विषयाची ओळख करून देण्यासाठी लिहिली आहेत. जिथे लेखकाचे स्वतःचे मत आहे, तिथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

सदस्यत्व तहहयात असताना निवृत्तीचा प्रश्न मुळात उद्भवला कसा?

१९५८ पर्यंत या सभागृहात मुख्यतः वंशपरंपरेने आलेले सरदार, चर्च ऑफ इंग्लंडचे बिशप आणि अपिले ऐकणारे न्यायाधीश बसत. १९५८ च्या लाइफ पीअरेजेस कायद्याने पंतप्रधानांच्या शिफारशीवरून तहहयात सदस्य नेमण्याची वाट खुली झाली आणि स्त्रियांनाही प्रथमच प्रवेश मिळाला. त्या काळी ही मोठीच सुधारणा होती. पण नेमणूक करताना ‘तहहयात’ हा शब्द अक्षरशः घेतला गेला: प्रत्येक नव्या संसदेच्या आरंभी राजाकडून बोलावणेपत्र येणार आणि सदस्य जिवंत असेपर्यंत ते येतच राहणार, अशी ही व्यवस्था होती. राजीनाम्याची तरतूद तिच्यात कुठेच नव्हती, कारण सरदारकी हे पद नसून दर्जा आहे आणि दर्जाचा राजीनामा देता येत नाही, अशी जुनी धारणा होती.

१९९९ च्या कायद्याने ९२ वगळता बाकी सर्व वंशपरंपरागत सदस्य बाहेर गेले आणि तेराशेच्या वर गेलेली सदस्यसंख्या सातशेच्या आत आली. त्यानंतर मात्र प्रत्येक पंतप्रधानाने नवी भर घातली. आत येण्याला मर्यादा नाही आणि बाहेर जाण्याचा मार्ग फक्त मृत्यूचा, अशा अवस्थेत हे सभागृह पुन्हा आठशेच्या घरात पोहोचले. लोकांनी निवडलेल्या हाउस ऑफ कॉमन्सची सदस्यसंख्या ६५० आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यातील विसंगती कळते.

२०१४ पूर्वी कोणालाच बाहेर पडता येत नव्हते का?

काहींना येत होते, पण ज्यांच्यासाठी खास कायदा झाला त्यांनाच. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टोनी बेन यांचे आहे. ते मजूर पक्षाचे कॉमन्समधील सदस्य होते. १९६० मध्ये त्यांचे वडील, व्हायकाउंट स्टॅन्सगेट, वारले आणि सरदारकी आपोआप मुलाकडे आली. त्याच क्षणी बेन कॉमन्ससाठी अपात्र ठरले. १९६१ च्या पोटनिवडणुकीत ब्रिस्टल साउथ ईस्टच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, तरी निवडणूक न्यायालयाने ती जागा हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला दिली. लोकांनी निवडून दिलेला माणूस केवळ वारशामुळे लोकसभागृहात बसू शकत नाही, ही गोष्ट इतकी उघड अन्यायाची होती की १९६३ मध्ये पीअरेज कायदा करून वंशपरंपरागत सरदारकी सोडून देण्याची मुभा द्यावी लागली. बेन यांनी तिचा लाभ सर्वप्रथम घेतला. त्याच वर्षी लॉर्ड होम यांनीही सरदारकी सोडली आणि पंतप्रधान म्हणून कॉमन्समध्ये बसण्यासाठी ते ॲलेक डग्लस-होम या नावाने पोटनिवडणूक लढले.

ही सवलत तहहयात सदस्यांना मात्र नव्हती. १९५८ पासून ‘अनुपस्थितीची रजा’ घेता येत असे, पण रजेवरचा सदस्य हा सदस्यच राहतो. २०१० च्या एका कायद्याने सर्व सदस्यांना कर आकारणीपुरते ब्रिटनचे रहिवासी मानायचे ठरवले आणि ज्यांना ते मान्य नव्हते त्यांना तीन महिन्यांत सदस्यत्व सोडण्याची संधी दिली. काही श्रीमंत सदस्यांनी ती साधली. २०११ मध्ये सभागृहाने ऐच्छिक निवृत्तीची एक अनौपचारिक योजना आणली. तिला कायद्याचे बळ नव्हते आणि तिचा उपयोग अगदी मोजक्या सदस्यांनी केला.

२०१४ च्या कायद्याने नेमके काय बदलले?

हाउस ऑफ लॉर्ड्स रिफॉर्म कायदा, २०१४ हा सरकारने आणलेला कायदा नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कॉमन्समध्ये डॅन बाइल्स यांनी तो खासगी सदस्याचे विधेयक म्हणून मांडला आणि लॉर्ड्समध्ये लॉर्ड स्टील यांनी तो पुढे नेला. लॉर्ड स्टील तशाच आशयाची विधेयके त्याआधी अनेक वर्षे चिकाटीने आणत होते. २०१२ मध्ये तत्कालीन आघाडी सरकारने ८० टक्के सदस्य निवडून आणणारे, एकदाच १५ वर्षांची मुदत देणारे मोठे विधेयक मांडले होते. हुजूर पक्षाच्या ९१ सदस्यांनी स्वपक्षाविरुद्ध मत दिल्यावर ते मागे पडले. मोठी इमारत उभी राहत नाही असे दिसल्यावर निदान दार तरी बसवावे, अशा भावनेने हा लहानसा कायदा पुढे आला. १४ मे २०१४ रोजी त्याला राजसंमती मिळाली.

त्यात तीन तरतुदी आहेत. सदस्य स्वेच्छेने निवृत्त होऊ शकतो. एका पूर्ण सत्रात एकदाही न आलेल्या सदस्याचे सदस्यत्व संपते. आणि गंभीर गुन्ह्याबद्दल एक वर्षापेक्षा अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाल्यास सदस्यत्व जाते. शतकानुशतकांच्या प्रथेला छेद देणाऱ्या या तरतुदी अवघ्या काही पानांत मावल्या आहेत.

निवृत्त व्हायचे असेल तर सदस्याने काय करायचे असते?

पद्धत विलक्षण साधी आहे. सदस्याने क्लार्क ऑफ द पार्लमेंट्स, म्हणजे सभागृहाच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला, लेखी सूचना द्यायची. तिच्यावर सदस्याची सही, एका साक्षीदाराची सही आणि कोणत्या दिवसापासून सदस्यत्व सोडायचे ती तारीख असली की झाले. कारण द्यावे लागत नाही आणि कोणाची मंजुरीही लागत नाही. एकदा दिलेली सूचना मात्र मागे घेता येत नाही आणि त्या व्यक्तीला पुन्हा कधीही या सभागृहाचे सदस्य होता येत नाही.

किताब कायम राहतो, म्हणजे निवृत्त लॉर्ड हे लॉर्डच म्हणवले जातात. त्यांना एक हक्क नव्याने मिळतो: कॉमन्सच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उभे राहण्याचाही. लॉर्ड्सचा विद्यमान सदस्य सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करू शकत नाही.

२०१७ मध्ये बॅरोनेस ट्रम्पिंग्टन वयाच्या ९५ व्या वर्षी निवृत्त झाल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या केंद्रात काम केलेल्या आणि पुढे मंत्रिपदे भूषवलेल्या या बाईंना केव्हा थांबायचे ते स्वतः ठरवता आले, हे या कायद्यामुळेच घडले. चार वर्षांपूर्वी तशी इच्छा झाली असती तर कायद्याने त्यांना केवळ रजा दिली असती.

निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तिवेतन किंवा एकरकमी मोबदला मिळतो का?

नाही. बहुसंख्य सदस्यांना वेतनच नसते. उपस्थितीच्या दिवसापुरता भत्ता मिळतो. २०१० मध्ये तो ३०० पौंड ठरवण्यात आला आणि नंतर वाढत गेला. सदस्यांनी लवकर जावे म्हणून काही रक्कम द्यावी असा विचार अधूनमधून पुढे येत असे, पण करदात्यांच्या पैशाने सरदारांना निरोप देणे लोकांना पटणार नाही हे सर्वच पक्षांनी ओळखले. ते योग्यच झाले.

भत्त्याचा दुसरा परिणाम मात्र नजरेआड करू नये. उपस्थितीला पैसे आहेत आणि निवृत्तीला नाहीत, म्हणून उत्पन्नाचे दुसरे साधन नसलेल्या वृद्ध सदस्याला थांबणे जड जाते. पैशाची ही बाब सभागृहात उघडपणे फारशी बोलली जात नाही.

इतके सदस्य निवृत्त झाले, तरी सभागृह लहान का झाले नाही?

हा या सर्व विषयाचा गाभा आहे. २०१४ नंतर दीडशेहून अधिक सदस्य स्वेच्छेने निवृत्त झाले. ‘कोणीही स्वतःहून खुर्ची सोडत नाही’ हा समज त्यांनी खोटा ठरवला. पण बाहेर जाणाऱ्यांमागे नेमणुकीचा अधिकार तसाच मोकळा राहिला. पंतप्रधानांनी किती जणांची शिफारस करावी याला कायद्याने मर्यादा नाही. २००० मध्ये स्थापन झालेला नियुक्ती आयोग पक्षांनी सुचवलेल्या व्यक्तींच्या चारित्र्याची आणि सचोटीची छाननी करतो, पण संख्येबद्दल त्याला काहीही म्हणता येत नाही. आणि चारित्र्याबद्दलचा त्याचा सल्लाही बंधनकारक नाही. २०२० मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी आयोगाचा प्रतिकूल सल्ला बाजूला सारून पीटर क्रडास यांची नेमणूक केली, तेव्हा ही गोष्ट सर्वांसमोर आली.

याचा निवृत्तीच्या निर्णयावर थेट परिणाम होतो. समजा, एखादा ८३ वर्षांचा सदस्य थकला आहे, पण त्याचा पक्ष विरोधात आहे. तो गेला तर त्याच्या पक्षाचे एक मत कमी होईल आणि रिकाम्या जागी कोणाला आणायचे ते सत्ताधारी पक्षाचा पंतप्रधान ठरवील. अशा वेळी प्रतोद त्याला ‘थोडे थांबा’ असेच सांगणार. म्हणजे वरकरणी वैयक्तिक वाटणारा निर्णय खरे तर पक्षीय गणिताचा भाग होतो. स्वेच्छानिवृत्तीला मोठेपणाचे कृत्य म्हणून गौरवणे ठीक आहे, पण माणसांच्या मोठेपणावर विसंबून विधिमंडळाची संख्या ठरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॉर्ड बर्न्स समितीने काय सुचवले होते?

सभागृहाच्या लॉर्ड स्पीकरने नेमलेल्या या समितीने ऑक्टोबर २०१७ मध्ये अहवाल दिला. सदस्यसंख्येची कमाल मर्यादा ६०० असावी; नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने १५ वर्षांनी जाण्याचे आधीच मान्य करावे; संख्या ६०० वर येईपर्यंत दोन गेल्यावर एकच यावा; आणि रिकाम्या झालेल्या जागा पक्षांना लागोपाठच्या सार्वत्रिक निवडणुकांतील कामगिरीच्या प्रमाणात मिळाव्यात, अशी तिची रचना होती. कोणत्याही पक्षात नसलेल्या क्रॉसबेंच सदस्यांचा वाटा राखून ठेवला होता.

या अहवालाचे खरे मोल त्याच्या शेवटच्या जोडणीत आहे. जागा कोणाला मिळणार हे ठरलेले असले की जुन्या सदस्याला अडवून ठेवण्याचे प्रतोदाचे कारणच संपते. शिवाय यातील बराच भाग नव्या कायद्याशिवाय, सदस्यांच्या लेखी वचनावर आणि पंतप्रधानांच्या संयमावर उभा करता येईल, असे समितीने दाखवले. थेरेसा मे यांनी संयम पाळण्याचे मान्य केले आणि काही काळ तो पाळलाही गेला. त्यांच्यानंतर आलेल्या पंतप्रधानांनी मात्र स्वतःला त्या बंधनात मानले नाही. बाहेर पडण्याची बाजू अपेक्षेप्रमाणे चालली. आत येण्याची बाजू ढासळली.

सत्रात एकदाही न येणाऱ्याचे सदस्यत्व जाते, ही अट पुरेशी आहे का?

मुळीच नाही. सहा महिन्यांपेक्षा लहान सत्रे हिशेबात धरली जात नाहीत, मंजूर रजा घेतलेल्यांना ही अट लागू होत नाही आणि विशेष परिस्थितीत सभागृह सूट देऊ शकते. या सवलती आजारपणाचा विचार करता रास्त आहेत. अडचण अशी आहे की सत्रातून एकदा दर्शन देणे कायद्याला पुरते. ब्रिटनमधील सत्र बहुधा वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालते. त्यात एक दिवस हजेरी लावून वर्षभराचा कायदेकर्ता म्हणून मिरवणे कोणत्याही कार्यालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत चालले नसते.

संगीतकार ॲन्ड्र्यू लॉइड वेबर यांचे उदाहरण बोलके आहे. ते क्वचितच येत, पण २०१५ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या कर-सवलतींच्या कपातीवर मतदान होते तेव्हा सरकारच्या बाजूने मत द्यायला न्यूयॉर्कहून विमानाने आले, आणि त्यावर सडकून टीका झाली. २०१७ मध्ये, सभागृहाला पुरेसा वेळ देता येत नाही हे मान्य करून, ते निवृत्त झाले. त्यांनी केले ते बरेच झाले. पण तसे न करता ते वर्षातून एकदा येत राहिले असते, तरी कायद्याने त्यांना हात लावला नसता.

मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात सहभागाची किमान अट घालण्याचे वचन दिले. ती अट केवळ हजेरीपटावर ठरू नये. मतदानाला येऊन भत्त्याची नोंद करून जाणारा सदस्य आणि महिन्यातून एकदाच येऊन आरोग्याच्या विधेयकात तीन नेमक्या दुरुस्त्या घडवून आणणारा निवृत्त शल्यविशारद, यांच्यात दुसऱ्याचे मोल अधिक आहे. समितीतील काम, दुरुस्त्या, भाषणे आणि लेखी प्रश्न यांचा एकत्रित विचार व्हायला हवा.

तुरुंगात जाऊन आलेले सदस्य परत सभागृहात कसे बसू शकले?

कारण २०१४ पर्यंत त्यांना रोखणारी तरतूदच नव्हती. जेफ्री आर्चर यांना २००१ मध्ये खोट्या साक्षीबद्दल चार वर्षांची शिक्षा झाली, तरी त्यांचे सदस्यत्व टिकले. २०११ मध्ये खर्चाचे खोटे दावे केल्याबद्दल दोन सदस्यांना तुरुंगवास झाला. एकाला १२ महिन्यांचा, दुसऱ्याला ९ महिन्यांचा. दोघेही नंतर सभागृहात परतले. यातली खेदाची बाब अशी की नवा कायदा त्या वेळी असता तरी तो या दोघांना लागू झाला नसता, कारण त्यातील अट ‘एक वर्षापेक्षा अधिक’ शिक्षेची आहे. कायदा करणाऱ्यानेच सरकारी तिजोरीला फसवले असेल, तर शिक्षा बारा महिन्यांची की तेरा, यावर त्याचे आसन ठरू नये. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यांसाठी ही मर्यादा काढून टाकावी, असे मला ठामपणे वाटते.

सभागृह स्वतः एखाद्याला काढून टाकू शकते का? आणि किताबाचे काय?

२०१५ च्या एका कायद्याने सभागृहाला सदस्याच्या हकालपट्टीचा अधिकार मिळाला. हे विधेयक बॅरोनेस हेमन यांनी आणले होते. मात्र एक पळवाट उघडी राहिली आहे. २०२० मध्ये आचरण समितीने एका सदस्याला काढून टाकण्याची शिफारस केली, पण अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्यांनी निवृत्तीची सूचना दिली. निवृत्तीला कोणाची मंजुरी लागत नसल्यामुळे ते सभ्यपणे निवृत्त झालेल्यांच्या यादीत गेले. चौकशी चालू असताना निवृत्ती घेतली तर अहवाल पूर्ण करून निष्कर्ष नोंदवला गेलाच पाहिजे, आणि निवृत्तांना मिळणाऱ्या संसदेतील सोयी अशा व्यक्तीला मिळू नयेत.

किताब काढून घेणे याहून अवघड आहे. हकालपट्टी झाली तरी ‘लॉर्ड’ ही उपाधी जात नाही. त्यासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा लागतो. पहिल्या महायुद्धात शत्रूची बाजू घेतलेल्या सरदारांसाठी १९१७ मध्ये असा एक कायदा झाला आणि १९१९ मध्ये तो वापरला गेला.

८० वर्षांची वयोमर्यादा घातली की प्रश्न सुटेल ना?

संख्या एकदम खाली येईल, हे खरे. मजूर पक्षाच्या त्याच २०२४ च्या जाहीरनाम्यातील सूचना अशी आहे की ज्या संसदेच्या कार्यकाळात सदस्य ८० वर्षांचा होईल, तिच्या अखेरीस त्याने निवृत्त व्हावे. बिशप सत्तराव्या वर्षी आणि ब्रिटनमधील न्यायाधीश पंचाहत्तराव्या वर्षी निवृत्त होतात. तेव्हा कायदे करणाऱ्यांनाच वय लागू नाही, हे समर्थन टिकणारे नाही.

तरीही एकट्या वयोमर्यादेवर माझा विश्वास नाही. पंतप्रधानाच्या कार्यालयातील पस्तीस वर्षांच्या सल्लागाराला सभागृहात पाठवले, तर तो पंचेचाळीस वर्षे कायदे करील. सत्तरीत आलेली, आयुष्यभर संशोधन केलेली वैज्ञानिक मात्र दहा वर्षांतच जाईल. म्हणजे वयोमर्यादा असलेल्या सभागृहात तरुण राजकीय सहायकांना नेमणे पक्षांना अधिक फायद्याचे होते आणि ज्यांच्या अनुभवासाठी हे सभागृह आहे असे सांगितले जाते, त्यांचीच किंमत घटते. दुसरी अडचण वेळेची आहे. संसद बरखास्त होताना सर्व ऐंशीपार सदस्य एकाच दिवशी जातील. समित्यांचे अध्यक्ष, विषयांचे जाणकार आणि जुन्या कायद्यांचा इतिहास माहीत असलेले सदस्य एकदम नाहीसे होतील, आणि त्या रिकाम्या जागा निवडणूक जिंकलेल्या पंतप्रधानाला एकगठ्ठा भरता येतील.

मग १५ वर्षांची एकच मुदत अधिक चांगली कशी?

प्रत्येक सदस्याला प्रवेशाच्या दिवशीच जाण्याची तारीख माहीत असते, हे तिचे पहिले बळ. मुदतवाढ नसल्यामुळे पुन्हा नेमणूक मिळावी म्हणून कोणाची मर्जी राखावी लागत नाही. विसाव्या शतकात सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिलेल्या मार्गारेट थॅचर यांची कारकीर्दही साडेअकरा वर्षांची होती. म्हणजे पंधरा वर्षे बसणारा सदस्य त्याला नेमणाऱ्या पंतप्रधानापेक्षा जवळजवळ हमखास जास्त काळ टिकतो, आणि सभागृहाला जे स्वातंत्र्य हवे ते त्यातून मिळते. निवृत्त्याही वर्षभर थोड्या थोड्या होत राहतात. २००० साली लॉर्ड वेकहॅम यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगानेही पंधरा वर्षांचाच विचार मांडला होता, आणि २०१२ च्या फसलेल्या विधेयकातही तोच आकडा होता. इतक्या वेगवेगळ्या मार्गांनी जाणारे लोक एकाच आकड्यावर येतात, याला अर्थ आहे.

आज बसलेल्यांचे काय, हा प्रामाणिक आक्षेप आहे. त्यांना तहहयात म्हणून नेमले होते. माझ्या मते नव्यांसाठी मुदत आणि जुन्यांसाठी वयोमर्यादा, असा मेळ घालणे न्याय्य ठरेल.

वंशपरंपरागत सदस्य निवृत्त झाल्यावर काय होत असे?

१९९९ मध्ये राखलेल्या ९२ जागांपैकी बहुतेक पोटनिवडणुकीने भरल्या जात, आणि मतदार म्हणजे बहुधा त्याच पक्षाचे उरलेले वंशपरंपरागत सदस्य. एप्रिल २०१६ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या एका जागेसाठी सात उमेदवार होते आणि मतदार तीन. निवडून आलेले व्हायकाउंट थर्सो हे १९९९ मध्ये याच सभागृहातून बाहेर गेलेले आणि नंतर चौदा वर्षे कॉमन्समध्ये मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केलेले गृहस्थ होते. त्यांच्या योग्यतेबद्दल प्रश्न नाही. पण अशा व्यवस्थेत वंशपरंपरागत सदस्याच्या निवृत्तीने सभागृह एका माणसानेही लहान होत नसे. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने या सर्व जागा रद्द करण्याचे विधेयक मांडले.

इतर देशांत अशी सभागृहे आहेत का?

कॅनडाचे सेनेट हे सर्वांत जवळचे उदाहरण. तिथेही सदस्य नेमले जातात, पण जागा १०५ ठरलेल्या आहेत आणि १९६५ पासून नव्या सदस्यांना ७५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. त्यापूर्वी तिथेही नेमणूक तहहयातच होती. जागांची संख्या निश्चित असल्यामुळे तिथे निवृत्तीने खरोखर जागा मोकळी होते आणि तितकीच भरता येते. ब्रिटनने नेमका हाच धडा घेतलेला नाही. सेनेटरांना मर्यादित मुदत द्यावी असा तिथल्या सरकारचा प्रयत्न होता, पण एवढा बदलही संसद एकटीने करू शकत नाही, किमान सात प्रांतांची संमती हवी, असे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. ब्रिटनमध्ये लिखित संविधानाचा असा अडसर नाही. साधा कायदा पुरतो. म्हणूनच तिथली दिरंगाई कमी क्षम्य आहे.

आपल्या राज्यसभेशी आणि विधान परिषदेशी याची तुलना होऊ शकते का?

मर्यादित अर्थाने होऊ शकते. राज्यसभेचे बहुसंख्य सदस्य आमदार निवडतात, त्यामुळे ती अनिर्वाचित नव्हे. पण राष्ट्रपतींनी नेमलेल्या १२ सदस्यांनाही सहा वर्षांचीच मुदत असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. बाहेर पडण्याची शिस्त संविधानातच आहे. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिक्त घोषित करू शकते.

राजीनाम्याच्या बाबतीत दोन्ही देशांतील फरक विचार करण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये सही, साक्षीदार आणि तारीख एवढेच पुरते. भारतात १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीनंतर, राजीनामा स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे अशी पीठासीन अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. त्या काळी आमदारांकडून जबरदस्तीने राजीनामे घेतले जात होते. लॉर्ड्समध्ये लोक जात नाहीत ही अडचण होती. आपल्याकडे लोकांना जायला भाग पाडले जाते ही होती. प्रत्येक कायदा आपापल्या दुखण्यावरचा इलाज आहे.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत मात्र ब्रिटनच्या उलट चित्र दिसले. ७८ जणांच्या या सभागृहात १२ सदस्य राज्यपाल नेमतात. जून २०२० मध्ये मुदत संपल्यावर त्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, कारण नेमणूक किती दिवसांत झालीच पाहिजे याचा नियम नाही. लंडनमध्ये येण्याला आवर नाही, मुंबईत येण्याला मुहूर्त लागत नाही. जाण्याचा नियम कितीही पक्का असला तरी येण्याचा नियम सैल असेल, तर सभागृहाचे संतुलन नेमणूक करणाऱ्याच्या मर्जीवरच राहते, हे दोन्हीकडे सारखेच खरे ठरते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला यात काही म्हणता येते का?

येते. राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून, तिथे वैध रीतीने राहणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्वाची गरज नाही, मतदार यादीत नाव मात्र असावे लागते. लॉर्ड्सच्या सदस्याला मतदारसंघ नसतो, त्यामुळे त्यांच्याकडे मतदार म्हणून जाता येत नाही. पत्र लिहायचे ते आपल्या मतदारसंघातील कॉमन्सच्या सदस्याला. पत्रात तीन गोष्टी विचाराव्यात: सदस्यसंख्येची मर्यादा कायद्यात घालण्यास आपला पाठिंबा आहे का; नव्या सदस्यांना १५ वर्षांची एकच मुदत असावी हे मान्य आहे का; आणि रिकाम्या जागांचे वाटप पंतप्रधानांच्या हातून काढून ठरलेल्या सूत्राने व्हावे, या बाजूने आपण मत द्याल का. मतदारांच्या पत्राला सदस्यांच्या कार्यालयातून सहसा उत्तर येते, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक वाचावे.